विश्लेषण : जपानचा ‘निकुजागा’, भोर-वेल्ह्याची ‘अळणी’ आणि हॉटेलच्या पाटीवरचा इतिहास

रश्श्यात बटाटा कधी आला? एका वाचकाच्या प्रश्नाचं उत्तर शोधताना राजगडाच्या पायथ्यापासून जपानी नौदलाच्या स्वयंपाकघरापर्यंत जावं लागलं. त्या प्रवासात काय हाती लागलं, ते समजून घेऊ.

थोडक्यात

- ‘निकुजागा’ म्हणजे मांस, बटाटा आणि कांदा मंद आचेवर शिजवलेला जपानी घरगुती पदार्थ.
- तो एका नौदल सेनापतीच्या हट्टातून जन्मला, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. तिला त्या काळातल्या कागदाचा आधार नाही.
- भोर-वेल्ह्यात त्याच्या सर्वांत जवळ जाते ती मटणाची अळणी आणि तिच्यापासून वाढवलेला रस्सा.
- बटाटा घातलेल्या रश्श्याला ‘शिवकालीन’ म्हणणं मात्र इतिहासात बसत नाही.

चूक माझीच होती. राजगडाच्या पायथ्याच्या एका हॉटेलचा व्हिडिओ आमच्या डेस्कवर आला. चूल, धूर, मोठं पातेलं, वर तरंगणारी लाल तर्री. मी मथळा दिला, ‘३५० वर्षांची परंपरा : शिवकालीन मटण रस्सा’. व्ह्यूज भरपूर आले. दुसऱ्या दिवशी वेल्ह्याहून एका ज्येष्ठ वाचकांचा फोन आला. आवाज अजिबात चढलेला नव्हता. ते एवढंच म्हणाले, ‘ताई, त्या रश्श्यात बटाटा दिसतोय. महाराजांच्या काळात तो कुठल्या बाजारातून आणला, तेवढं सांगा.’

मला सांगता आलं नाही. माझं माहेर भोर तालुक्यातलं आणि शिक्षण मेकॅनिकल इंजिनीअरिंगचं. यातलं काहीच त्या क्षणी उपयोगी पडलं नाही. मथळा बदलला आणि शोधायला बसले.

हा प्रश्न आत्ताच का महत्त्वाचा?

जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यात राजगड आहे. त्याच तालुक्यात तोरणा आहे. शेजारच्या भोर तालुक्यात रोहिडा आणि रायरेश्वर आहेत. सरकारी कागदावर आता ‘राजगड’ झालेला वेल्हे तालुका २०११च्या जनगणनेनुसार जेमतेम ५४ हजार वस्तीचा. भात, थोडं दूधदुभतं आणि पुण्या-मुंबईतून येणारे पगार यावर चालणारा. इथे शनिवार-रविवारी येणारा ट्रेकर हे आता उत्पन्नाचं खरंखुरं साधन आहे.

ट्रेकर गड उतरला की त्याला भूक लागलेली असते. त्याला जेवणाबरोबर एखादी गोष्टही हवी असते. म्हणून रस्त्याकडेच्या पाट्यांवर ‘चुलीवरचं’, ‘गावरान’ आणि आता ‘शिवकालीन’ असे शब्द येतात. या पाट्यांवर काय लिहिलं जातं, त्यावर पुढच्या २०-२५ वर्षांत ‘मावळचं जेवण म्हणजे काय’ हे ठरणार आहे. हीच वेळ जपानमधल्या दोन शहरांवर १९९०च्या दशकात आली होती. ती गोष्ट बघू.

निकुजागा म्हणजे नेमकं काय?

‘निकु’ म्हणजे मांस. ‘जागा’ हे ‘जागाइमो’चं, म्हणजे बटाट्याचं लघुरूप. थोडक्यात, ‘मांस-बटाटा’. पातळ कापलेलं मांस, बटाटा, कांदा, गाजर, कोन्याकु नावाच्या कंदापासून केलेल्या पारदर्शक शेवया, वरून फरसबी किंवा मटार. चवीला सोया सॉस, साखर, तांदळाची दारू आणि ‘दाशी’ नावाचं मासा-समुद्रशेवाळाचं पाणी. पश्चिम जपानात त्यात बहुधा गोमांस घालतात, पूर्वेकडे डुकराचं मांस. तिखट नावालाही नाही. चव गोड-खारट.

मांस थोडं आणि बटाटा भरपूर, हे त्याचं वैशिष्ट्य. जपानमध्ये कोणालाही ‘आईच्या हातची चव’ विचारली, की जी दोन-चार नावं येतात त्यात हे एक असतं. पण निकुजागा हे नाव घरोघरी रुळलं ते १९७०च्या दशकात. म्हणजे ‘पारंपरिक’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या पदार्थाचं नाव आपल्या आई-वडिलांच्या वयाचं आहे.

नौदल सेनापतीची गोष्ट काय आहे?

टोगो हेइहाचिरो हे जपानी नौदलाचं सर्वांत मोठं नाव. १९०५ मध्ये त्सुशिमाच्या लढाईत त्यांनी रशियाचं आरमार बुडवलं. एका आशियाई देशाने युरोपीय सत्तेला हरवल्याची चर्चा तेव्हा हिंदुस्थानातही झाली. हेच टोगो तरुणपणी, १८७० च्या दशकात, शिक्षणासाठी इंग्लंडमध्ये होते.

गोष्ट अशी सांगतात : टोगोंना तिथला बीफ स्ट्यू फार आवडला. परत आल्यावर त्यांनी जहाजावरच्या आचाऱ्याला तो करायला सांगितला. आचाऱ्याने स्ट्यू कधी पाहिलेला नव्हता. हाताशी वाइन नव्हती, लोणी नव्हतं. त्याने सोया सॉस आणि साखर घालून काहीतरी उकळलं. ते स्ट्यूसारखं अजिबात झालं नाही, पण चविष्ट झालं. तोच निकुजागा.

क्योतो प्रांतातल्या माइझुरू बंदरात टोगो १९०१ मध्ये नौदल तळाचे पहिले प्रमुख झाले. म्हणून १९९५ मध्ये माइझुरूने ‘निकुजागाचं जन्मस्थान’ असल्याचं जाहीर केलं. मग हिरोशिमा प्रांतातलं कुरे शहर उठलं. टोगो आमच्याकडे त्याआधी १० वर्षं होते, तेव्हा जन्मस्थान आमचं, असा त्यांचा दावा. दोन शहरं, एक पातेलं आणि पर्यटकांची रांग.

गोष्ट खरी आहे का?

या गोष्टीला टोगोंच्या काळातला कागद नाही. दोन्ही शहरांना आधार मिळतो तो नौदलाच्या १९३८ च्या स्वयंपाक-व्यवस्थापनाच्या पाठ्यपुस्तकाचा. त्यात ‘निकुजागा’ हा शब्दच नाही. कृतीचं नाव आहे ‘अमानी’, म्हणजे गोड शिजवलेलं. पण साहित्य तेच : गोमांस, कोन्याकु, बटाटा, कांदा, तिळाचं तेल, साखर, सोया सॉस.

ती कृती वाचताना माझ्यातली इंजिनीअर खूश झाली. पुस्तकात चमचा, चिमूट, अंदाज असं काही नाही. नुसतं वेळापत्रक आहे :

- तेल घाला, वाफ सोडा
- ३ मिनिटांनी मांस
- ७ मिनिटांनी साखर
- १० मिनिटांनी सोया सॉस
- १४ मिनिटांनी कोन्याकु आणि बटाटा
- ३१ मिनिटांनी कांदा
- ३४ मिनिटांनी समाप्त

‘वाफ सोडा’ यासाठी, की जहाजावर बॉयलरच्या वाफेवर चालणारी मोठाली भांडी असत. शेकडो खलाशांचं जेवण रोज एकाच चवीचं व्हायचं, तर आचाऱ्याच्या हातगुणावर विसंबून चालत नसे. तिथे घड्याळ लागतं.

म्हणजे पदार्थ नौदलात होता, हे खरं. सेनापतीच्या हट्टाची गोष्ट मात्र नंतर चिकटली. नाव मोठं असलं की गोष्ट लवकर चिकटते, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पण जपानी नौदलाला मांस-बटाटा हवाच कशाला होता?

यामागचं कारण गोष्टीपेक्षा गंभीर आहे, आणि भातखाऊ मुलखातल्या प्रत्येकाने ते वाचावं असं आहे.

जपानमध्ये शतकानुशतकं मांसाहारावर बंधनं होती. इ. स. ६७५ मध्ये सम्राट तेन्मु यांनी गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी खाण्यावर बंदी घातली होती. १८७२ मध्ये सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि काळ बदलला.

नौदलाला तेव्हा शत्रूपेक्षा एका आजाराची भीती जास्त होती. बेरीबेरी. पाय सुजायचे, हातापायांतली शक्ती जायची, शेवटी हृदय बंद पडायचं. १८८२-८३ मध्ये ‘रयुजो’ हे प्रशिक्षण जहाज लांबच्या सफरीवर गेलं. त्यावरच्या ३७६ जणांपैकी १६९ आजारी पडले, २५ दगावले. लंडनमध्ये शिकून आलेले नौदलातले डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांना संशय होता जेवणावर. खलाशी मुख्यतः पॉलिश केलेला पांढरा भात खात. ताकाकींनी १८८४ मध्ये ‘त्सुकुबा’ हे दुसरं जहाज त्याच मार्गाने पाठवायला लावलं, पण मांस, पाव, कडधान्यं वाढवून. या वेळी बेरीबेरीने एकही माणूस मेला नाही.

गंमत अशी, की ताकाकींचं कारण चुकीचं होतं. त्यांना वाटलं, प्रथिनं कमी पडतात. खरी कमतरता होती थायमिनची, म्हणजे जीवनसत्त्व ब-१ ची. ते तांदळाच्या कोंड्यात असतं आणि पॉलिश करताना निघून जातं. हे कळायला विसावं शतक उजाडलं. कारण चुकलं, पण उपाय बरोबर ठरला. नौदल वाचलं. जपानच्या लष्कराने मात्र पांढरा भात सोडला नाही आणि १९०४-०५ च्या रशियाविरुद्धच्या युद्धात त्यांचे सुमारे २७ हजार सैनिक बेरीबेरीने गेले.

आपल्याकडे वेल्हे-भोरच्या पश्चिम पट्ट्यातही जेवण म्हणजे भात. पण माझ्या आजीच्या लहानपणी तो उखळात सडलेला असायचा, कोंडा पुरता न गेलेला. सोबत नाचणीची भाकरी, वाल-पावट्याचं कालवण, पावसाळ्यात रानभाज्या. हातसडीचा तांदूळ ही आज महाग ‘हेल्दी’ वस्तू झाली आहे. तेव्हा ती फक्त गिरणी लांब असल्याची खूण होती.

आपल्याकडे याच्या जवळचा पदार्थ कोणता?

रोजच्या जेवणात बघितलं तर सुकट-वांगं किंवा बोंबील-बटाटा. वरंध घाट हा महाडकडून भोरला चढणारा जुना रस्ता. कोकणातलं मीठ आणि सुकी मासळी अशाच घाटवाटांनी वर येत असे. पावसाळ्यात बाजार तुटला, की उतरंडीतली सुकट बाहेर निघायची. मूठभर सुकटीला दोन वांगी आणि एक बटाटा. मांसाचं प्रमाण चवीपुरतं, पोट भरायला भाजी. निकुजागाचंच गणित.

सणावाराला, जत्रेला, आखाडात मात्र मटण. भातलावणी उरकली, कंबर मोडली, की गावात बोकड पडतो. चार-सहा घरं मिळून तो घेतात आणि त्याचे ‘वाटे’ घालतात. पानांवर किंवा ताडपत्रीवर सारखे ढीग. प्रत्येक ढिगात थोडी हाडं, थोडी चरबी, थोडं काळीज. कोणाला कमी नाही, कोणाला जास्त नाही. हा तोल नजरेवर साधला जातो आणि चुकला तर वर्षभर ऐकावं लागतं.

मग होते अळणी. कांदा, हळद, आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण आणि मीठ लावून मटण थोड्या तेलात परततात. त्याच्याच अंगच्या पाण्यात ते वाफवतात, मग गरम पाणी घालून शिजवतात. तिखट नाही, मसाला नाही. ‘अळणी’ म्हणजे खरं तर मीठ नसलेलं. पण या अळणीत मीठ असतं, नसतो तो मसाला. तयार झालं की पहिली वाटी लहान मुलांना, आजाऱ्याला, बाळंतिणीला. उरलेल्यात भाजलेलं सुकं खोबरं, कांदा, तीळ आणि काळं तिखट यांचं वाटण पडलं, की त्याचा रस्सा होतो.

मसाला पडायच्या आधीची ती वाटी आणि निकुजागा ही सख्खी नसली तरी मावस भावंडं नक्की आहेत. मंद आच, थोडं मांस आणि बाकी सगळं काम त्या पाण्याचं.

झाकणावर पाणी कशासाठी?

अळणी शिजताना पातेल्यावर खोलगट ताट ठेवतात आणि त्यात पाणी ओततात. लहानपणी मला वाटायचं, ताट उडू नये म्हणून. त्यात तीन गोष्टी एकदम साधतात.

पहिली, ताटाची खालची बाजू तुलनेने गार राहते. वाफ तिला लागून पुन्हा पाणी होते आणि मटणावर टपकते. सुगंध आणि ओल आतच राहते. दुसरी, वरचं पाणी तापत राहतं. खाली पाणी कमी पडलं तर तेच गरम पाणी आत घालता येतं, त्यामुळे उकळी मोडत नाही. तिसरी, आच जास्त झाली की ताटातलं पाणी भराभर आटतं आणि चुलीपुढच्या माणसाला लाकूड मागे ओढायची सूचना मिळते. गेज आणि कंडेन्सर एकाच ताटात. इंजिनीअरिंगच्या चार वर्षांत मला हे कोणी दाखवलं नाही.

जपानी स्वयंपाकघरात यासाठी ‘ओतोशिबुता’ असतं. भांड्याच्या तोंडापेक्षा लहान, लाकडी, थेट भाजी-मांसावर टेकणारं झाकण. ते बटाटे उकळीत हलू देत नाही, म्हणून ते फुटत नाहीत. शिवाय थोडंसंच पाणी असलं तरी उकळी झाकणाला आपटून वरच्या फोडींपर्यंत पोचते. झाकणं वेगळी, पण दोन्हींचा हेतू पाणी आणि सरपण वाचवून चव आत ठेवायचा.

मग बटाटा ‘शिवकालीन’ आहे का?

नाही. बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. ‘बटाटा’ हा शब्द आपल्याला पोर्तुगीजांकडून मिळाला. पण इथे त्याची लागवड फोफावली ती इंग्रजी अमदानीत. आज पुणे जिल्ह्यात आंबेगावचं सातगाव पठार बटाट्यासाठी ओळखलं जातं, ते सगळं नंतरचं. सतराव्या शतकात मावळातल्या घरोघरच्या पातेल्यात तो असण्याची शक्यता जवळपास शून्य.

मिरचीही पोर्तुगीजांच्याच जहाजांतून सोळाव्या शतकात आली आणि हळूहळू आत सरकली. त्याआधीचा तिखटपणा मिरी, पिंपळी आणि आल्याचा. म्हणजे ज्या लाल तर्रीला आपण ‘अस्सल जुनी’ म्हणतो, तिचा रंग तुलनेने नवा आहे. मटण मात्र जुनं आहे. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात मांसाच्या कितीतरी कृती दिल्या आहेत, बटाटा आणि मिरचीशिवाय. त्या हिशेबाने शिवकाळाच्या जवळ जाईल तर अळणीच, तिखट रस्सा नव्हे.

जपानचंही असंच. त्यांचा ‘जागाइमो’ साधारण १६०० च्या सुमारास डच जहाजांतून जावा बेटावरून आला. ‘जागा’ म्हणजे ‘जागातारा’, अर्थात आजचं जकार्ता. ज्याला जपानी माणूस आईच्या हातची चव म्हणतो, त्या पदार्थाच्या नावात परक्या बंदराचं नाव बसलेलं आहे. तरीही तो जपानीच आहे. बोंबील-बटाट्याचा रस्सा जसा आपला आहे, तसाच.

बटाटा कोणाच्या ताटात जायचा?

हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही, म्हणून घरचं सांगते. आमच्याकडे मटण शिजत असताना अंगणात पाहुण्याची चाहूल लागली, की आजी माझ्या आईला हळूच म्हणायची, ‘सूनबाई, दोन बटाटं टाक गं.’ आणखी कोणी आलं तर आणखी दोन, आणि तांब्याभर गरम पाणी. रस्सा वाढायचा, इज्जत राहायची. आधी पुरुष जेवायचे, मग मुलं. शेवटी आजी, आई आणि काकू बसायच्या. तोवर पातेल्यात फोडी नावापुरत्या उरायच्या. बटाटे असायचे.

आईला अजूनही रश्श्यातला बटाटा मटणापेक्षा जास्त आवडतो. ती तसं म्हणते. आवड होती की सवय लागली, हे मी तिला विचारलेलं नाही.

निकुजागाभोवतीही ही सावली आहे. ‘आईच्या हातची चव’ हे कौतुक पुढे लग्नाळू मुलीला हा पदार्थ यायलाच हवा, अशा अपेक्षेत बदललं. जपानमधल्या नव्या पिढीतल्या अनेकींना ते खटकतं. सेनापतीची गोष्ट पाटीवर येते. पातेलं वाढवणाऱ्या बायकांची येत नाही.

घरी करून पाहायचं असेल तर?

भोर-वेल्ह्याची पद्धत आणि जपानी चव जोडून मी हा प्रयोग दोनदा केला. पहिल्यांदा खारट झाला. दुसऱ्यांदाचं प्रमाण चार जणांसाठी असं :

- मटण पाव किलो (लहान तुकडे), बटाटे ४ मध्यम, कांदे २, गाजर १, मूठभर फरसबी
- सोया सॉस ३ मोठे चमचे, साखर २ मोठे चमचे, तेल १ मोठा चमचा, आल्याचा तुकडा

१. मटण आलं आणि दोन वाट्या पाणी घालून कुकरमध्ये मऊ शिजवा. मीठ घालू नका, सोया सॉस खारट असतो.

२. पसरट पातेल्यात तेलावर कांदा, बटाटा, गाजर दोन-तीन मिनिटं परता. मटण त्याच्या पाण्यासकट घाला. ‘दाशी’ची जागा हीच अळणी घेते.

३. आधी साखर घाला. पाच मिनिटांनी सोया सॉस. हा क्रम १९३८ च्या वेळापत्रकातलाच.

४. पातेल्यापेक्षा लहान स्टीलची ताटली थेट भाज्यांवर टेकवा. मंद आचेवर १५-२० मिनिटं ठेवा. शेवटची पाच मिनिटं राहिली, की फरसबी घाला.

५. गॅस बंद करा आणि अर्धा तास हात लावू नका. आच गेल्यावरही मीठ आणि साखर बटाट्याच्या आत झिरपत राहतात. घाई केली तर बटाटा आतून फिका लागतो.

सोबत इंद्रायणीचा भात घ्या. आंबेमोहोराच्या कुळातलं हे वाण वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून आलं. त्याचा चिकटपणा जपानी भाताच्या बराच जवळ जातो.

एक टीप आपल्या रश्श्यासाठीही. बटाटा मऊ व्हायच्या आधी कोकम, चिंच किंवा टोमॅटो घालू नका. आंबट पाण्यात बटाटा लवकर शिजत नाही, टणक राहतो. आधी बटाटा, मग आंबट.

मग पाटीवर काय लिहावं?

कुरे शहराकडे एक चांगला तोडगा आहे. माइझुरूने ‘निकुजागाचं जन्मस्थान’ असं ठासून लिहिलं. कुरेने आपल्या दाव्यापुढे चक्क प्रश्नचिन्ह लावलं : ‘निकुजागाचं जन्मस्थान?’ पर्यटक दोन्हीकडे जातात. त्या प्रश्नचिन्हाने कुरेचं काही अडलं नाही.

राजगडाच्या वाटेवरच्या हॉटेलवाल्यांना खोट्या इतिहासाची गरज नाही. त्यांच्याकडे सांगण्यासारखं खरं पुष्कळ आहे. नजरेने तोललेले वाटे, झाकणावरचं पाणी, लहान मुलाला दिलेली पहिली वाटी, लावणी झाल्यावरचा आखाड. यातलं काहीही पाटीवर लिहिलं तरी ते खरं असेल आणि दुसरीकडे कुठे मिळणार नाही. ‘शिवकालीन’ हा शब्द मात्र उद्या कोणत्याही हायवेवरचा कोणताही ढाबा लिहू शकतो.

त्या ज्येष्ठ वाचकांना मी परत फोन केला. बटाट्याचं, पोर्तुगीजांचं, जपानचं सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘बरं झालं ताई. आता अळणीचं नीट लिहा. आणि आखाडात या, वाटा ठेवतो.’

अळणीचं लिहून झालं. आखाडाला जायचं आहे.